कॉर्पोरेट फायनान्सच्या प्रोजेक्टमध्ये शेअरचं मूल्य भलतंच येतंय? आधी हे तपासा

सत्र संपत आलं की वेगवेगळ्या गटांकडून एकच तक्रार ऐकू येते. कंपनी निवडली, पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढले, एक्सेलमध्ये अंदाज मांडले, वॅक (कर्ज आणि इक्विटी मिळून भांडवलाचा भारित सरासरी खर्च) काढला, सगळं सूत्राप्रमाणे केलं आणि शेअरचं मूल्य बाजारभावाच्या तिप्पट आलं. कधी कधी तर उणे आलं. मग गट रात्री बसतो, वाढीचा दर थोडा खाली आणि डिस्काउंट रेट (पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) थोडा वर असं करत आकडा बाजारभावाजवळ आणून सोडतो. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येतो, "हे ११.३ टक्के कुठून आले?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

असे प्रोजेक्ट तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सूत्रं बहुधा बरोबर असतात. गृहीतकंसुद्धा एकेकटी पाहिली तर पटण्यासारखी असतात. बिघाड असतो तो जुळणीत. कॅश फ्लो एका प्रकारचा आणि दर दुसऱ्या प्रकारचा, वाढ धरली पण त्या वाढीसाठी लागणारी गुंतवणूक धरली नाही, नफा एका पत्रकातला आणि कर्ज दुसऱ्यातलं. त्यामुळे आकडा भलता आला की गृहीतकांना हात लावू नका. आधी जुळणी तपासा. खालचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे, सोप्या आणि जास्त वेळा सापडणाऱ्या चुका वर आहेत.

फरक नेमका दहापट, शंभरपट किंवा हजारपट आहे का?

असेल तर बाकी काही वाचू नका, एकक बघा. अहवालातले आकडे हजारांत किंवा दशलक्षांत असतात आणि शेअर्सची संख्या भलत्याच एककात किंवा पूर्ण लिहिलेली असते. एकत्रित आणि स्वतंत्र अशी दोन पत्रकं असतील तर नफा एकातून आणि कर्ज दुसऱ्यातून उचललेलं नाही ना, हेही इथेच पाहून घ्या. मधल्या काळात शेअरचं विभाजन झालं असेल तर जुनी संख्या तशीच राहून गेलेली असते. एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात आणि बरेचदा प्रकरण इथेच मिटतं.

टर्मिनल व्हॅल्यू: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पाच वर्षांचे अंदाज आणि पुढे टर्मिनल व्हॅल्यू (त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचं मिळून मूल्य) अशा मॉडेलमध्ये एकूण मूल्याचा ७० ते ८० टक्के भाग टर्मिनल व्हॅल्यूतून येणं नेहमीचंच आहे. म्हणजे ज्या पाच वर्षांवर गटाने तीन आठवडे घालवले, त्यांचा वाटा छोटा आणि एका ओळीत उरकलेल्या सूत्राचा वाटा मोठा.

सूत्र सगळ्यांना माहीत आहे: पुढच्या वर्षाचा फ्री कॅश फ्लो (कर आणि गुंतवणूक वजा जाता उरणारी रोख) भागिले (वॅक वजा कायमचा वाढीचा दर). कॅश फ्लो १००, वॅक १० टक्के, वाढ ४ टक्के धरली तर उत्तर येतं १,६६७. वाढ ५ टक्के केली की २,०००. वॅक ९ टक्क्यांवर आणला की २,५००. दोन्हीकडे एकेक टक्का हलवला आणि मूल्य दीडपट झालं. छेदात फरक उरतो म्हणून हे होतं. तेव्हा कायमचा वाढीचा दर निवडताना एक मर्यादा पाळा: तो त्याच चलनातल्या जोखीममुक्त दरापेक्षा, म्हणजे सरकारी रोख्यांच्या दरापेक्षा जास्त नको; अर्थव्यवस्थेच्या दीर्घकालीन वाढीचा ढोबळ अंदाज म्हणून तो दर धरतात. कुठलीही कंपनी संपूर्ण अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कायम वाढत राहिली तर एक दिवस तीच अर्थव्यवस्था होईल, आणि तसं होत नसतं.

पण खरी गोम पुढे आहे आणि ती फार थोडे गट पकडतात. शेवटच्या वर्षात भांडवली खर्च घसाऱ्याइतकाच धरायचा, खेळत्या भांडवलातला बदल शून्य करायचा आणि वाढ मात्र ५ टक्के ठेवायची, असं सर्रास केलेलं असतं. म्हणजे ही कंपनी एक पैसाही नव्याने न गुंतवता अनंतकाळ वाढणार आहे. वाढ, गुंतवणूक आणि भांडवलावरचा परतावा ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत: वाढीचा दर म्हणजे भांडवलावरचा परतावा गुणिले पुन्हा गुंतवलेल्या नफ्याचं प्रमाण.

आकड्यांत बघू. करोत्तर कामकाजी नफा १००, वॅक १० टक्के, वाढ ५ टक्के. पुनर्गुंतवणूक शून्य धरली तर टर्मिनल व्हॅल्यू २,०००. आता भांडवलावरचा परतावा १२.५ टक्के आहे असं धरा. ५ टक्के वाढीसाठी नफ्यातला ४० टक्के भाग परत घालावा लागेल, कॅश फ्लो उरला ६० आणि टर्मिनल व्हॅल्यू १,२००. परतावा वॅकइतकाच, म्हणजे १० टक्के धरला तर निम्मा नफा परत जातो, कॅश फ्लो ५० आणि मूल्य १,०००. गंमत अशी की वाढ शून्य ठेवून पूर्ण १०० वाटून टाकले असते तरी १०० भागिले ०.१०, म्हणजे १,०००च आले असते. भांडवलाच्या खर्चाइतकाच परतावा मिळत असेल तर वाढीतून मूल्यात एका पैशाचीही भर पडत नाही. हा एक मुद्दा अहवालात नीट मांडलात तर परीक्षकाला कळतं की या गटाला विषय समजला आहे.

तुमचं मूल्य बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट येत असेल तर माझा पहिला संशय इथेच आहे. शेवटच्या वर्षाचा कॅश फ्लो उघडा आणि विचारा, ही वाढ कशाच्या जोरावर होणार आहे? त्या ओळीत गुंतवणुकीचा आकडा दिसला पाहिजे.

कॅश फ्लो कोणाचा आणि दर कोणाचा

कंपनीचा कॅश फ्लो कर्जदार आणि भागधारक या दोघांचा मिळून असतो, त्याला वॅक लावायचा. भागधारकांचा कॅश फ्लो व्याज आणि कर्जफेड गेल्यावर उरतो, त्याला इक्विटीचा खर्च (भागधारकांना अपेक्षित असलेला परतावा) लावायचा. वर्गात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शीट उघडली की मात्र पहिल्या ओळीत निव्वळ नफा दिसतो, त्यात घसारा मिळवलेला असतो, भांडवली खर्च वजा केलेला असतो, सगळ्याला वॅक लावलेला असतो आणि शेवटी कर्जही वजा केलेलं असतं. कर्जाचा भार दोनदा काढला गेला. एकदा व्याज म्हणून, एकदा मुद्दल म्हणून. मूल्य उणे येण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे.

तपासणी सोपी आहे. समजा कामकाजी नफा २००, व्याज ४०, करदर २५ टक्के. निव्वळ नफा १२० येतो. वॅकसाठी लागणारा करोत्तर कामकाजी नफा मात्र १५० आहे, कारण कर पूर्ण २०० वर काढायचा. व्याजामुळे वाचणारा कर वॅकमध्ये कर्जाचा करोत्तर खर्च घेताना आधीच मोजला जातो. तुमच्या शीटमध्ये १५० च्या जागी १२० असेल किंवा प्रत्यक्ष भरलेला कर जसाच्या तसा उचललेला असेल, तर तिथे थांबा आणि दुरुस्त करा.

याच जातीच्या आणखी दोन चुका आहेत. एक महागाईची: विक्रीची वाढ नगांच्या हिशेबाने, म्हणजे महागाई वगळून धरलेली आणि दर मात्र महागाईसकट. १० टक्के दर आणि ४ टक्के महागाई असेल तर खरा दर ६ टक्के नाही, १.१० भागिले १.०४ वजा १, म्हणजे साधारण ५.७७ टक्के. दुसरी चलनाची: कॅश फ्लो एका देशाच्या चलनात आणि जोखीममुक्त दर दुसऱ्या देशाच्या रोख्यांचा. इंटरनेटवर सहज मिळाला म्हणून डॉलरचा दर घेतलेला असतो. ज्या चलनात कॅश फ्लो, त्याच चलनात दर, आणि वाढही त्याच चलनातली.

बीटा १.१ आला, पण कितपत खरा?

गटाने पाच वर्षांचे मासिक परतावे घेतले, एक्सेलमध्ये स्लोप फंक्शन चालवलं, बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो याचं माप) १.१ मिळाला. स्लोप फक्त आकडा देतं, त्याची प्रमाण त्रुटी (तो अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) दाखवत नाही. लिनेस्ट वापरा किंवा डेटा अ‍ॅनालिसिसमधलं रिग्रेशन चालवा. ६० निरीक्षणांवर प्रमाण त्रुटी ०.२५ आली तर खरा बीटा ०.६ ते १.६ मध्ये कुठेही असू शकतो. जोखमीचं अधिमूल्य (जोखीममुक्त दराच्या वर बाजाराकडून अपेक्षित परतावा, ज्याला बीटाने गुणतात) ६ टक्के धरलं तर इक्विटीच्या खर्चात सहा टक्क्यांची तफावत. एवढ्या अनिश्चित आकड्याला दोन दशांश स्थळांपर्यंत जपण्यात अर्थ नाही. ज्या शेअरचे व्यवहार कमी होतात, त्याचा बीटा तर खोटाच कमी दिसतो.

उपाय म्हणजे त्याच उद्योगातल्या कंपन्यांचे बीटा घ्या, प्रत्येकातून कर्जाचा परिणाम काढून टाका, मध्यक घ्या आणि आपल्या कंपनीच्या कर्जाच्या प्रमाणाने तो पुन्हा चढवा. रॉबर्ट हमादा यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र इथे वापरतात: कर्जसहित बीटा भागिले [१ + (१ − करदर) × कर्ज/इक्विटी]. बीटा १.२, कर्ज-इक्विटी प्रमाण ०.५, कर २५ टक्के असेल तर कर्जविरहित बीटा १.२ ÷ १.३७५ म्हणजे ०.८७. आपल्या कंपनीचं प्रमाण १ असेल तर तो ०.८७ × १.७५, साधारण १.५३ होतो. उद्योगवार बीटा हवे असतील तर न्यूयॉर्क विद्यापीठातले अस्वथ दामोदरन आपल्या संकेतस्थळावर दरवर्षी जानेवारीत ते मोफत देतात. वापरा, पण कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या प्रदेशाचा तक्ता घेतला ते अहवालात लिहा.

कर्ज वाढवलं की वॅक कमी होतो, असं लिहिलं आहे का?

भांडवल रचनेवरच्या प्रकरणात हा निष्कर्ष जवळपास प्रत्येक गट काढतो आणि तिथेच गुण जातात. तक्ता असा असतो: इक्विटीचा खर्च १२ टक्के, कर्जाचा ७ टक्के. भांडवलात निम्मं कर्ज ठेवलं की वॅक ९.५ टक्के, कंपनीचं मूल्य वाढलं, तर कंपनीने कर्ज घ्यावं. कर्ज वाढलं तरी भागधारक १२ टक्क्यांवरच समाधानी राहतील असं यात गुपचूप धरलेलं आहे.

मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये नेमकं हेच खोडून काढलं. कर नसेल तर निम्मं कर्ज घेतल्यावर इक्विटीचा खर्च १२ + (१२ − ७) × १, म्हणजे १७ टक्के होतो आणि वॅक पुन्हा १२ वरच येतो. १९६३ मध्ये त्यांनी करासह दुरुस्ती मांडली. २५ टक्के कर धरला तर इक्विटीचा खर्च १५.७५ आणि वॅक १०.५ टक्के. म्हणजे १२ वरून १०.५ हा जो फायदा आहे, तो पूर्णपणे कराचा आहे. त्याच्या विरुद्ध दिवाळखोरीची शक्यता आणि बँकेच्या अटींमुळे हात बांधले जाणं हे खर्च आहेत. तुमच्या कंपनीच्या बाबतीत ते किती, यावर लिहा. व्याज फेडण्याची क्षमता, नफ्यातले चढउतार, मालमत्ता विकता येण्याजोगी आहे का, अशा गोष्टींवर दोन परिच्छेद नीट लिहिले तर तक्त्यापेक्षा त्यांना जास्त किंमत येते.

वॅकची वजनं बाजारमूल्याने घ्या. पुस्तकी इक्विटी वापरली की कर्जाचं वजन बहुधा फुगतं. कर्जासाठी पुस्तकी आकडा चालतो, बाजारमूल्य सहसा मिळतही नाही. भाडेपट्ट्यांची देणी विसरू नका. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानंतर ती ताळेबंदात येतात, त्यामुळे कर्ज वाढतं आणि भाड्याचा खर्च घसारा आणि व्याज यांत विभागला गेल्याने एबिटडाही (व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा) वाढतो. अमेरिकी नियमांत ऑपरेटिंग लीजचं भाडं कामकाजी खर्चातच राहतं. दोन्हीकडच्या कंपन्या एकाच तक्त्यात घालून एबिटडाच्या पटी काढल्या तर तुलना खोटी ठरते.

ताळेबंद जुळत नाही

इथे लोक हताश होतात आणि रोख रकमेत फरक भरून मोकळे होतात. असं करू नका, ते एका क्लिकमध्ये दिसतं. फरकाकडेच नीट बघा, तोच सांगतो कुठे जायचं. दरवर्षी तेवढाच फरक राहत असेल तर चूक पहिल्या वर्षात किंवा सुरुवातीच्या शिलकेत आहे. वाढत जात असेल तर एखादी ओळ दरवर्षी सुटते आहे, बहुतेक वेळा लाभांश किंवा खेळत्या भांडवलातला एखादा घटक. फरकाला दोनने भागा आणि तो आकडा शीटमध्ये शोधा. सापडला तर चिन्ह उलट लागलं आहे, येणी वाढली असताना रोख वाढवली आहे असं काहीतरी. फरक नऊने भागला जात असेल तर हाताने भरलेल्या आकड्यात दोन अंकांची अदलाबदल झालेली असू शकते, ५,३४० च्या जागी ५,४३०.

सर्क्युलर रेफरन्सचा इशारा येत असेल तर व्याज सरासरी कर्जावर काढलं आहे: व्याजावर नफा, नफ्यावर रोख, रोखीवर कर्ज आणि कर्जावर पुन्हा व्याज. विद्यापीठाच्या प्रोजेक्टसाठी व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकेवर काढा आणि विषय संपवा. पुनरावृत्तीची सेटिंग चालू करून चालवलेलं मॉडेल एकदा चुकीच्या मूल्यावर अडकलं की ती चूक त्या चक्रात फिरत राहते आणि सहज निघत नाही.

एक्सेलच्या एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य) फंक्शनबद्दलही एवढंच: ते पहिला आकडा वर्षाच्या अखेरीचा धरतं. आज १,००० गुंतवून तीन वर्षं ४५० मिळणार असतील तर १० टक्क्यांनी उत्तर ११९.०८ आहे. गुंतवणूकही फंक्शनच्या आत घातली तर १०८.२६ येतं. आजचा आकडा बाहेर ठेवा.

सगळं तपासलं, तरी बाजारभाव वेगळाच आहे

मग तो वेगळा असू द्या. बाजारभावाशी जुळवून दाखवणं हे प्रोजेक्टचं काम नाही. उलटा प्रश्न विचारा: बाजारभाव बरोबर आहे असं मानलं तर या कंपनीने काय करून दाखवावं लागेल? एक्सेलचं गोल सीक (हव्या त्या उत्तरावरून उलटा आकडा शोधणारं साधन) लावा आणि बाकी सगळं तसंच ठेवून वाढीचा दर काढा. समजा दहा वर्षं १८ टक्के आला. म्हणजे विक्री दहा वर्षांत पाचपटीहून जास्त व्हायला हवी. आता लिहायला खरा विषय मिळाला. एवढी बाजारपेठ आहे का, कंपनीने मागच्या दहा वर्षांत असं कधी केलं आहे का, स्पर्धक गप्प बसतील का? या पानावर तुमचं मत दिसतं आणि परीक्षकाला तेच वाचायचं असतं. कंपनीचा इतिहास आणि संचालक मंडळाची माहिती यांना अर्धं पान पुरे.

संवेदनशीलता तक्ता (गृहीतक बदललं की मूल्य किती बदलतं ते दाखवणारा) द्यायचाच, पण मोजक्या गोष्टींवर. वॅक आणि वाढीचा दर यांचा तक्ता सगळेच देतात. त्यासोबत कामकाजी नफ्याचं प्रमाण आणि विक्रीची वाढ यांचा एक द्या, कारण ही दोन गृहीतकं धंद्याबद्दल काहीतरी सांगतात.

अजून कंपनी ठरली नसेल तर बँका आणि विमा कंपन्या सोडून द्या. कर्ज हा त्यांचा कच्चा माल असतो, त्यामुळे वर सांगितलेला कंपनीचा कॅश फ्लो तिथे अर्थ हरवतो आणि लाभांश किंवा जादा परताव्याची पद्धत घ्यावी लागते. नुकतीच नोंदणी झालेली, सतत तोट्यात असलेली किंवा दहा वेगवेगळे धंदे करणारी कंपनीही पहिल्या प्रोजेक्टसाठी नको. एक-दोन धंदे, किमान पाच वर्षांचे अहवाल आणि तुलनेला चार-पाच कंपन्या मिळतील अशी निवडा.

गटाबद्दल, कारण बिघाड तिथूनही येतो

एकाने मॉडेल, दुसऱ्याने वॅक, तिसऱ्याने तुलना, चौथ्याने अहवाल अशी वाटणी झाली की वर सांगितलेल्या जवळपास सगळ्या विसंगती आपोआप तयार होतात. वॅक काढणाऱ्याने एक करदर घेतला, मॉडेलवाल्याने दुसरा, आणि दोघांनाही पत्ता नाही. गृहीतकांचं एकच पान ठेवा. प्रत्येक आकडा तिथे एकदाच लिहिलेला असावा, शेजारी तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते असावं, आणि बाकी सगळ्या पानांवर फक्त तिकडचा दुवा. सूत्राच्या आत हाताने टाकलेला ०.२५ दिसला की तो काढून टाका. मूल्यांकनाची एक तारीख पहिल्याच दिवशी ठरवा आणि शेअरचा भाव, रोख्याचा दर, शेअर्सची संख्या सगळं त्याच तारखेचं घ्या.

तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी कामं अदलाबदल करा. ज्याने अहवाल लिहिला त्याने मॉडेल उघडून शेवटच्या वर्षाचा कॅश फ्लो ओळीओळीने समजावून सांगावा, आणि ज्याने मॉडेल केलं त्याने बीटा कुठून आला ते सांगावं. जिथे अडखळायला होतं ती जागा लिहून ठेवा, दुरुस्ती तिथेच करायची आहे. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बाहेरच्या फाइलींना जोडलेले दुवे असतील तर ते इथे तुटलेले दिसतील आणि ते आकडे गृहीतकांच्या पानावर आणून ठेवायला अजून वेळ असेल.